चालतंय ना, मग कशाला हात लावता?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी पाच मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलंय. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकाच रात्रीचं एकच काम सांगतो. एका सहकारी बँकेच्या क्लस्टरमधली बिघडलेली सिस्टिम डिस्क आम्ही बदलली, त्याची ही गोष्ट.

क्लस्टर म्हणजे एकमेकांचं काम उचलू शकणाऱ्या सर्व्हरांचा गट. त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. या बँकेत तीन नोड होते. तीनच का? तर सोसायटीच्या सभेला जसा कोरम लागतो, तसा क्लस्टरलाही लागतो. तिघांपैकी दोघे एकमेकांच्या संपर्कात असतील तरच कामकाज चालतं. एकटा पडलेला नोड स्वतःहून थांबतो. तसं नसतं, तर संपर्क तुटल्यावर दोन्ही बाजू स्वतःलाच खरं मानून एकाच खात्यात वेगवेगळ्या नोंदी करत बसल्या असत्या.

खातेदारांची माहिती वेगळ्या डिस्कांवर असते. सिस्टिम डिस्कवर असते ती नोडची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. ही डिस्क जोडीने ठेवतात आणि एकीवर लिहिलेलं लगेच दुसरीवरही लिहिलं जातं. अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडून भरवशाची साठवण उभी करता येते, ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाने मांडली. तिच्यातला सर्वांत साधा प्रकार म्हणजे ही जोडी.

तर दुसऱ्या नोडमधल्या जोडीतली एक डिस्क गेली. काउंटरवर कुणाला काही जाणवलं नाही. फक्त आम्हाला एक इशारा आला. पहिली तारीख, म्हणजे पेन्शनचा दिवस, तीन दिवसांवर होती. त्या दिवशीची रांग समोर बसलेल्या गुरुजनांना मी सांगायला नको. साहेब म्हणाले, “चालतंय ना? मग पेन्शन होईपर्यंत कशाला हात लावता?”

त्यांची भीती खोटी नव्हती. डिस्क बदलताना तो नोड काही वेळ बाजूला काढावा लागतो. तेवढा वेळ कोरम उरलेल्या दोघांवरच, आणि त्यातला एक जरी पडला तरी सगळंच थांबणार. पण न बदलता थांबलो असतो तर तो नोड ऐन गर्दीच्या दिवशी एका डिस्कवर उभा राहिला असता. ती दुसरी डिस्कही त्याच दिवशी बसवलेली, तेवढीच जुनी. मी म्हटलं, “आज रात्री काही अडलं तर निस्तरायला दोन दिवस आहेत. पहिल्या तारखेला अडलं तर दोन मिनिटंही नाहीत.” साहेबांनी परवानगी दिली.

रात्री आधी उरलेले दोन्ही नोड तपासले. मग दुसऱ्या नोडवरची कामं चालू असतानाच त्या दोघांवर हलवली. आता डिस्क काढायची. सगळ्यात धोक्याची पायरी हीच, कारण दोन्ही डिस्का दिसायला सारख्या असतात आणि घाईत चांगली डिस्क ओढली की खेळ खलास. माझ्याबरोबरच्या तरुण सहकाऱ्याने अनुक्रमांक दोनदा मोठ्याने वाचला, मी तो पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, आणि मगच डिस्क बाहेर आली.

नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. ती बसवली, जुनीसारखेच भाग पाडले आणि जोडीत घेतली. नक्कल पूर्ण झाली, पडद्यावर सगळं हिरवं दिसलं. बरेच जण इथे घरी जातात. पण यंत्र सुरू करणारा छोटा भाग कित्येक रचनांमध्ये या जोडीच्या बाहेर असतो. त्याची नक्कल आपोआप होत नाही, तो नव्या डिस्कवर वेगळा घालावा लागतो. तो राहिला तर महिनोन्‌महिने काही कळत नाही. जुनी डिस्क गेली आणि यंत्र पुन्हा सुरू करायची वेळ आली, की मग कळतं.

तो भाग घातल्यावर सहकारी म्हणाला, “सर, हिच्यावरून सुरू होतं का, ते आत्ताच बघू या?” पाहिलं. नवी डिस्क निवडून नोड बंद करून सुरू केला. झाला सुरू. मग एकेक काम परत आणलं. पहिल्या तारखेला पेन्शन वेळेवर वाटली गेली आणि आमचं नावही कुणी घेतलं नाही. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात.

२००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघाडाची सर्वांत बोलकी अशी चार लक्षणं त्यांनी पाहिली. निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी त्यांतलं एकही आधी दाखवलेलं नव्हतं. म्हणजे ‘चालतंय’ आणि ‘ठीक आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीदार असल्यामुळे पडझड लपते, भरून निघत नाही. ती आपणच भरायची असते.

जाता जाता एक विनंती. जोडीतली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एकीवरून पुसलेलं दुसरीवरूनही पुसलं जातं. आज आपल्या गुरुजनांबरोबर काढलेले फोटो फोनशिवाय आणखी एका जागी ठेवा. आणि नुसते ठेवू नका, एकदा तिथून उघडूनही बघा.