भीमाखोऱ्यातील छोटी आगगाडी

(श्रीसंत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त पंढरपूर येथे भरलेल्या ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



चिटणीसांनी मला पत्र घातले की, यंदा आपण बार्शी लाईटच्या आठवणी सांगाव्यात. वडीलधाऱ्यांना आनंद होईल आणि तरुणांचे मनोरंजन होईल. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु पत्र हाती आल्यापासून मन थोडे अस्वस्थ होते. गोड तेवढे वेचून सांगावयाचे तर काम सोपे; पण नामदेवरायांच्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर उभे राहून अर्धेच सांगणे मला जमेल असे वाटेना. तेव्हा जे आठवते ते सांगतो. कमीअधिक बोलून गेलो तर वयाकडे पाहून क्षमा करावी.

प्रथम गाडीची जन्मकथा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हमरस्ता पुण्याहून सोलापूरकडे गेला, तेव्हा बार्शीसारखी कापसाची व धान्याची पेठ रुळांपासून एकवीस मैल बाजूला पडली. कुर्डुवाडीच्या स्थानकाला बार्शी रोड असे नाव मिळाले खरे, पण नावाने माल हलत नाही. तो बैलगाडीनेच आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८८७ पासून सरकारशी पत्रव्यवहार चालविला, १८९५ साली त्यास यश आले आणि १८९७ साली बार्शीस गाडी धावली. रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे आपल्या टेपाने तीस इंच! हमरस्त्याचे हेच अंतर साडेपाच फूट आहे. रुळाचे वजनही वारी अवघे तीस पौंड. अशा काडीसारख्या रुळावर मोठा बोजा कसा न्यावा? कॅलथ्रॉपची युक्ती अशी की, इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. बोजा सर्व चाकांवर सारखा वाटून द्यावयाचा. लीड्सच्या किटसन कारखान्याची आठ चालक चाकांची इंजिने याच हिशेबाने घडविली होती. अंगाचे माप घेऊन कपडा बेतावा तशी त्याने जमिनीचे माप घेऊन गाडी बेतली, असे आपल्या व्यवसायाच्या भाषेत म्हणता येईल. याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी रेशमी हवाई छत्री तयार केली. शिवणकामाशी त्याचा संबंध शेवटी आलाच म्हणावयाचा!

पुढे १९०६ साली ही गाडी पंढरपुरास आली, १९११ साली लातुरास गेली आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. एकंदर लांबी २०२ मैल भरली. मांजरेकडील लातूर, भीमेकाठचे पंढरपूर आणि कृष्णेकडील मिरज एका सुतात ओवली गेली. कॅलथ्रॉपने इंग्लंडातही मॅनिफोल्ड नावाच्या एका नदीच्या खोऱ्यात १९०४ साली अशीच अडीच फुटी गाडी उभी केली होती. ती तीस वर्षांत, १९३४ साली बंद पडली. तिच्या जागी आता पायवाट आहे. आपली गाडी मात्र एकविसावे शतक पाहून गेली. तिकडे दुधाचे डबे होते आणि सुट्टीचे प्रवासी होते. इकडे पांडुरंग होता.

माझे आजोबा बार्शीस शिवणकाम करीत. त्यांच्या वडिलांपर्यंत आमचे घर गावच्या अलुत्यांत होते. वर्षभर शिवावे आणि खळ्यावर जाऊन पसाभर धान्य घ्यावे. आजोबांनी हाताने फिरवावयाचे एक यंत्र घेतले, लाकडी पेटीत घातले आणि गाडीत बसले. मुरूड, ढोकी या बाजूचे आठवडेबाजार त्यांनी याच गाडीने केले. तो मुलूख तेव्हा निजामाचा. बार्शी इंग्रजी अमलाखाली, आणि चार स्थानके ओलांडली की करोडगिरीचा नाका व हाली सिक्का सुरू. एकाच दिवसात दोन राज्यांची नाणी कनवटीस लावून आजोबा परत येत. धान्याऐवजी रोकड मिळू लागली, ती आमच्या घरी रुळावरून आली यात संशय नाही. माझी आई कवठे महांकाळकडील. मिरजेचा फाटा झाला नसता तर ही सोयरीक कोणी सुचविली असती असे वाटत नाही. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशीच कथा निघेल! मात्र त्याच रुळांवरून पुढे शहरात शिवलेले तयार कपडे आले आणि बाजारात आजोबांसमोरची रांग कमी होत गेली, हेही नमूद केले पाहिजे.

वारीच्या दिवसांतील गर्दीचे वर्णन काय करावे! डबे भरत, टपे भरत. येडशीपुढे रामलिंगच्या घाटात गाडी इतकी मंद चाले की तरुण मंडळी खाली उतरून बरोबर चालत. पंढरपुराजवळ भीमेचा पूल आला की सारा डबा उठून हात जोडी आणि पाण्यात पैसे पडत. रुळांवरून ट्रॉली ढकलीत धावणारे गँगमन मला फार आवडत. वर छत्रीखाली साहेब बसलेला, आणि मागे दोन माणसे अनवाणी रुळांवर तोल सावरीत धावताहेत. साहेबाचे कौतुक मला कधी वाटले नाही.

आता जे सांगावे की न सांगावे असे झाले होते, ते सांगतो.

१९५६ च्या सुमाराची आषाढी होती. गाडी सरकारने विकत घेऊन मध्य रेल्वेत घातली त्याला दोनेक वर्षे झाली होती. मी आठनऊ वर्षांचा. आजोबांबरोबर पंढरपुरास निघालो होतो आणि यंत्राची पेटी आमच्या बाकाखाली होती. आजोबांचा गळा गोड. डबाभर त्यांच्यामागून भजन म्हणत होता. मोडनिंबला एक वारकरी चढला. गळ्यात माळ, हाती टाळ, बरोबर बायको आणि माझ्याच वयाची मुलगी. आमच्या बाकावर थोडी जागा होती. आजोबांनी भजन थांबवून विचारले, “कोणत्या गावचे? कोण तुम्ही?” त्याने गाव सांगितले, जातही सांगितली. आजोबा काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी बाकाखालची पेटी ओढली, त्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि मला म्हणाले, “धर रे, पडेल.” मी दोन्ही हातांनी पेटी धरून बसलो. ती माणसे पंढरपूरपर्यंत दाराशी उभी होती. मुलगी पेटीकडे पाहत होती. आजोबांनी भजन पुन्हा सुरू केले, आणि तो वारकरी दाराशी उभा राहून टाळ वाजवू लागला.

महाद्वारी आलो. आजोबांनी नामदेव पायरीवर डोके टेकले. समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यास वेशीची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या निवडून नामदेवरायांनी येथे आणल्या, ही कथा आजोबांनीच मला तेथे उभे करून सांगितली. तिलाही त्यांनी नमस्कार केला आणि मला करावयास लावला. आजोबा वाईट नव्हते. त्यांच्यासारखे प्रेमळ माणूस मी पुढे फारसे पाहिले नाही. तरी पेटी धरणारे हात माझे होते, हे मी आज सत्तर वर्षांनी आपणांसमोर सांगत आहे. आपल्या संस्थेच्या अंकात बार्शी लाईटच्या आठवणी छापावयाच्या असतील तर हीही छापावी, एवढीच चिटणीसांना माझी अट आहे.

राहिलेले थोडक्यात सांगतो. या शतकाच्या पहिल्या दशकात ते अरुंद रूळ क्रमाने उखडले गेले व मोठा मार्ग आला. धाराशिवला त्यामुळेच प्रथम आगगाडी दिसली, ही फार चांगली गोष्ट झाली. लहानसहान थांब्यांची वर्दळ मात्र ओसरली. एप्रिल २०१६ मध्ये लातुरात पिण्याचे पाणी संपले, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून गाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या आपल्याच मार्गाने ती गेली. बार्शीच्या फलाटावर मी ती पाहावयास गेलो होतो. लोक हात जोडून उभे होते, आणि कोणासाठी पाणी चालले आहे हे कोणी विचारीत नव्हते.

ते यंत्र अद्याप माझ्या घरी आहे. पेटीची एक कडी निखळली आहे. संस्थेस ठेवावयाचे असल्यास मी देईन. परंतु त्याखाली जी पाटी लावाल, तिचा मजकूर मला आधी दाखवावा.