मनाचे दुखणे रोग्याच्याच तोंडून

अंगात ताप किती, ते थर्मामीटर सांगतो. पण जवळ कोणी नसताना एखाद्याला आवाज ऐकू येतात, ते मोजायचे कशाने? त्यालाच विचारले पाहिजे. कार्ल यास्पर्स या जर्मन डॉक्टरांनी 1913 सालच्या आपल्या ग्रंथात हाच आग्रह धरला: रोग्याला आतून काय वाटते, ते आधी नीट समजून घ्या.

मानवशास्त्रज्ञ तान्या लुहरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई येथल्या प्रत्येकी 20 रुग्णांना असे विचारले. निष्कर्ष 2015 साली छापून आले. अमेरिकेतल्या पुष्कळांचे आवाज मारा-तोडाची भाषा बोलणारे. चेन्नईत निम्म्याहून अधिकांना नातलगांचे आवाज येत. घरची वडीलधारी माणसे कामे सांगतात, रागावतात, तसे. आजाराचे नाव एकच, पण अनुभव ज्याच्या त्याच्या घरादाराचा! नुसते ‘आवाज येतात का?’ एवढे विचारून हे कळले नसते.

म्हणून गुरुजी, आणि घरच्या मंडळींनो, असे कोणी सांगू लागले तर हसू नका, वादही घालू नका. आवाज कोणाचा, काय म्हणतो, भीती वाटते का, जिवाचे बरेवाईट करायला सांगतो का, हे शांतपणे विचारा. मग त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. आणि तिथे आपण बोलण्याआधी त्याला बोलू द्या.