चमचाभराचा हिशेब



पत्रिकेत आजचा विषय 'पुरुषांच्या पूरक जननग्रंथी' असा छापलेला वाचून एक गृहस्थ मघाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, समोर बायका बसल्यात." बायका बसल्यात म्हणूनच बोलायचं आहे. मूल होत नाही म्हटलं की आधी तिच्या सगळ्या तपासण्या होतात. मग दोन-तीन वर्षांनी कधीतरी नवरा माझ्या लॅबमध्ये डबी घेऊन येतो, तीही रुमालात गुंडाळून.

त्या डबीत जेमतेम चमचाभर रेत असतं, साधारण २ ते ५ मिलिलिटर. ताजं असताना ते खळीसारखं घट्ट, गुठळ्यांचं दिसतं. ते टेबलावर ठेवून आम्ही घड्याळ लावतो. वीस-पंचवीस मिनिटांनी डबी तिरकी केली तर तेच रेत पातळ होऊन घरंगळतं. तासाभरात पातळ झालं नाही, तर रिपोर्टवर तशी नोंद होते. आता ते घट्ट कुणी केलं आणि पातळ कुणी केलं?

घट्ट करणारी ती शुक्राशयांची जोडी. मूत्राशयाच्या मागे बसलेल्या या दोन वेटोळ्या पिशव्या, प्रत्येकी पाचेक सेंटिमीटरच्या. यांचं नाव मात्र फसवं आहे. शुक्रजंतू इथे साठतात असं जुन्या शरीरशास्त्रज्ञांना वाटलं. ते चूक होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. रेताचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग इथून येतो. त्यात सेमिनोजेलिन नावाचं प्रथिन असतं, त्यानं रेत गोठतं. आणि असते फ्रुक्टोज, फळांतली साखर, म्हणजे शुक्रजंतूंची शिदोरी. आम्ही नळीत रेसॉर्सिनॉल घालून तापवतो. फ्रुक्टोज असली की लाल रंग चढतो. रंगही नाही आणि शुक्रजंतूही शून्य, असं दिसलं की मी सर्जनला फोन करतो. शुक्रजंतूंचा कारखाना कदाचित नीट चालू असेल, पण पुढचा रस्ता बुजलेला असेल, नाहीतर जन्मापासून बांधलेलाच नसेल.

पातळ करणारी ती प्रोस्टेट, आपल्या पाठ्यपुस्तकातली पुरस्थ ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी. पातळ करण्यासाठी ती जे प्रथिन स्रवते, ते पीएसए. पीएसए म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या माना हलल्या, कारण साठीनंतर त्याची रक्ततपासणी अनेकांच्या वाट्याला येते. पण पीएसए काही कर्करोगानं तयार केलेलं विष नाही. सेमिनोजेलिनचे तुकडे करून रेत पातळ करणं, हे त्याचं रोजचं काम. त्यातलं थोडं रक्तात झिरपतं, ते आम्ही मोजतो. ग्रंथी सुजली किंवा वयानुसार नुसती वाढली, तरी आकडा चढतो. तेव्हा रिपोर्ट हातात आल्या आल्या मृत्युपत्र करायला धावू नका. डॉक्टरांकडे मात्र जा.

नावांचा घोळ इथेही आहे. १९३५ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी रेतातल्या एका द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिलं, ते प्रोस्टेटमधून येतं या समजुतीनं. पुढे कळलं की तो माल मुख्यतः शुक्राशयांचा. श्रेय मात्र शेजाऱ्याच्या नावावर जमा झालं, ते आजतागायत.

तिसरी जोडी काउपर ग्रंथींची, वाटाण्याएवढी. लघवी आणि रेत एकाच नळीतून जातात. लघवीचा आम्लपणा शुक्रजंतूंना सोसत नाही, म्हणून या ग्रंथी आधी वाट धुऊन ओली करतात.

कुणी म्हणेल, आययूआय करताना तर हा सगळा द्रव धुऊन टाकतात आणि निवडक शुक्रजंतू तेवढे गर्भाशयात सोडतात, मग एवढं कौतुक कशाला? बरोबर आहे. न धुता सोडलं तर त्याच प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशयात जबर कळा येतात. पण नैसर्गिक वाटेवर आधी योनीमार्गातलं आम्ल ओलांडावं लागतं, आणि तिथे हा अल्कधर्मी द्रव नसेल तर शुक्रजंतूंचा टिकाव लागत नाही.

रक्ताच्या चाळीस थेंबांचा रेताचा एक थेंब होतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिच्यापायी कितीतरी तरुण पोरं 'धात जाते' म्हणून जाहिरातवाल्या वैदूंकडे पैसे घालवतात. जातं ते बहुतांशी पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं. ते पुन्हा तयार होतं. शुक्रजंतूंचा वाटा त्यात शंभरात दोन ते पाच.

नसबंदीत अडवतात तो एवढाच वाटा. नळीत पुढे राहिलेले शुक्रजंतू संपायला तीनेक महिने लागतात, तोवर दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासून घ्यायचं. असाच एक ट्रकड्रायव्हर तपासणीला आला होता. डबीकडे बघून त्याचा चेहराच पडला. "साहेब, माल तर तेवढाच दिसतोय. ऑपरेशन झालंय ना नक्की?" मी त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. काचेवर वळवळणारं काही नव्हतं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मग हे एवढं कुणाचं?" त्याला स्टुलावर बसवलं आणि आत्ता तुम्हाला सांगितलं तेच सगळं सांगितलं. फक्त फ्रुक्टोजच्या जागी डिझेल म्हटलं.