पिरॅमिडपाशी सांडलेली मसूर

आज तुम्हाला मसुरीची गोष्ट सांगायची आहे. आमच्या घरी मोहरमला खिचडा होतो, त्यात इतर डाळींबरोबर मसूरही पडते. पण ही मसूर शिजणारी नाही.

इसवी सनापूर्वी २५ च्या सुमारास स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इजिप्तला गेला. गिझाच्या पिरॅमिडपुढे दगडांच्या कपच्यांचे ढीग होते आणि त्यांत मसुरीच्या दाण्यांसारखे खडे. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातलं जे उरलं, ते असं दगड होऊन पडलं आहे, असं लोक सांगत. स्ट्रॅबोनं ही कथा लिहून ठेवली आणि पुढे एक साधी नोंद केली : माझ्या मुलखातही एका मैदानात अशाच खड्यांनी भरलेली टेकडी आहे. आता त्याचा मुलूख काळ्या समुद्राकडचा. तिथे कुठला पिरॅमिड आणि कुठले मजूर? कोडं काही त्याला सुटलं नाही. पण कथेच्या मुळाशी सुरुंग लागला तो इथेच.

मी कवी माणूस, त्यातून बी.ए. झालेला. मला ती मजुरांची कथा सोडवत नव्हती. खुफूच्या पिरॅमिडला सुमारे २३ लाख दगड लागले. ते ओढणाऱ्यांची काहीतरी खूण राहावी, निदान मूठभर डाळ तरी, असं वाटणारच की. पण दगडाला विचारलं तर दगड वेगळंच सांगतो.

ते खडे म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचं आहेत. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०१ मध्ये त्यांना न्युम्युलाइट्स हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी नाणी. ज्या मोठ्या गटात ते मोडतात, तो फोरॅमिनिफेरा. हे माकुल-ऑक्टोपसचे चिमुकले भाऊबंद असावेत, असं १८२६ मध्ये दॉर्बिन्यी या अभ्यासकाला वाटलं होतं. १८३५ मध्ये दुजार्दँनं दाखवून दिलं, की आत अवयव वगैरे काही नाही, अख्खा जीव म्हणजे एक पेशी.

आणि काय पेशी! आपल्या शरीरातली पेशी डोळ्यांना दिसत नाही. न्युम्युलाइटच्या काही जाती दहा सेंटिमीटरहून रुंद झाल्या. हा जीव चुन्याची एक खोली बांधतो, मग तिला लागून दुसरी, मग तिसरी, अशी गोल गोल. मधून कापला तर थेट चकली. खोलीतून खोलीत जायला बारीक वाट. शिवाय घरात भाडेकरू : सूक्ष्म शैवालं. कवचातून झिरपणाऱ्या उन्हावर ती अन्न तयार करत आणि भाडं म्हणून घरमालकाला देत. म्हणून हे जीव उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढले. एकाच जातीत दोन घडणीची कवचं असत, एक मोठं, नाण्यासारखं, दुसरं लहान, मसुरीसारखं. शास्त्रज्ञ बराच काळ त्यांना वेगवेगळी नावं देत राहिले, नंतर कळलं की त्या एकाच जीवाच्या दोन तऱ्हेच्या पिढ्या.

चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी गिझाच्या जागी टेथिस समुद्राचं उथळ पाणी होतं. कवचं तळाशी साचली, त्यांचा चुनखडक झाला आणि पिरॅमिडच्या गाभ्याचे दगड तिथल्याच खाणींतून निघाले. म्हणजे मजूर यायच्या कितीतरी आधी ‘मसूर’ तिथे हजर होती. मजुरांची खरी खूण वेगळीच निघाली. १९९१ मध्ये पिरॅमिडजवळच त्यांच्यासाठी भाकरी भाजणाऱ्या जुन्या भट्ट्या उत्खननात सापडल्या. माझ्यातल्या कवीला एवढं पुरलं.

टेथिसचं पाणी आपल्याकडेही होतं. मुंबईच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल लागलं. तिथल्या वसई क्षेत्राचा चुनखडक याच इओसीन युगातला. विहीर खणताना वर आलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्यातल्या कवचांवरून खडकाचं वय ओळखायचं, ही तेलवाल्यांची रोजची रीत.

पण मला ओढ आहे ती कच्छमधल्या लखपतची. रोज लाख कोरींची उलाढाल व्हायची म्हणून लखपत, असं सांगतात. कोरी हे कच्छचं जुनं नाणं. जमादार फतेह मुहम्मद यांनी तिथला कोट बांधला तोही १८०१ मध्येच, म्हणजे तिकडे पॅरिसमध्ये लामार्क दगडी नाण्यांचं बारसं करत होता तेव्हा. १८१९ मध्ये भूकंप झाला, सिंधूचं पाणी फिरलं, व्यापार बसला, माणसं गेली. कोटाच्या आत आज मोजकी घरं आहेत. पण लखपत तालुक्याच्या उघड्या माळावर न्युम्युलाइट मात्र अजून सुटे पडलेले सापडतात, कोरीएवढे आणि मसुरीएवढेही.