झिजलेलं रोमन नाणं ओळखताना



समजा, तुमच्या तळहातावर एक रोमन नाणं आहे.
ब्राँझचं. अंगठ्याच्या नखाएवढं. पार झिजलेलं.

चिंच लावून घासू नका बरं का!
हिरवट थर निघाला, की उरलीसुरली नक्षीही जाते.

खोलीत अंधार करा.
बॅटरी बाजूने, अगदी आडवी धरा.
नाणं हळूहळू फिरवा.
अक्षरं शोधू नका.
आधी आकृती पाहा.

दोन सैनिक समोरासमोर उभे दिसतात?
मग नाणं बहुधा सम्राट कॉन्स्टंटाइनच्या किंवा त्याच्या मुलांच्या काळातलं.
म्हणजे इसवी सन 330 नंतरचं.

आता त्या दोघांच्या मधे पाहा.
तिथे लष्करी निशाणं असतात.
दोन असतील, तर नाणं आधीचं.
एकच असेल, तर थोडं नंतरचं.
सम्राटाचं नाव पुसलं, तरी एवढं कळतं!

लांडगी आणि दूध पिणारी दोन बाळं दिसली?
ते रोमच्या दंतकथेतले रोम्युलस आणि रेमस.
नाणं बहुधा त्याच काळातलं.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी आकृती. अक्षरं नंतर.

अक्षरं कुठे पाहायची?
आकृतीच्या पायाखाली, अगदी तळाशी.
तिथे टांकसाळीची खूण असते.
सुरुवातीला रोमन लिपीतलं टी आणि आर दिसलं,
तर नाणं पाडलं ट्रिअरला, आजच्या जर्मनीत.