ठिपक्यांची रांगोळी आणि संगणक
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा मला घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही उभी राहिले, कारण गेल्या दिवाळीत माझ्या हातून मंडळाचे नुकसान झाले. ते खरे कसे झाले हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

आपल्याला रांगोळीचे छापे आणि दारावरच्या पाट्या करून विकायच्या होत्या. गावातल्या कार्यशाळेत, जिला मुले मेकरस्पेस म्हणतात, प्लायवुड व पुठ्ठा कापणारे लेसरचे यंत्र आहे. त्याला चित्र संगणकावर काढून द्यावे लागते. त्यासाठी मी इंकस्केप शिकले. हा प्रोग्राम २००३ सालापासून अनेक देशांतले लोक मिळून तयार करीत आहेत. तो फुकट मिळतो, आणि त्यावर काढलेल्या वस्तू विकल्या तरी त्यापोटी कोणाला काही द्यावे लागत नाही.

फोटो म्हणजे हाताने पसरलेली रांगोळी. मोठा केला की कण विरळ होतात. इंकस्केपचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत असे वळण, एवढेच संगणक लक्षात ठेवतो. म्हणून वाटीएवढे फूल परातीएवढे केले तरी रेघ स्वच्छच राहते.

मेनूतले शब्द इंग्रजी. धाकट्या मुलीने ते मला वहीत मराठी अक्षरांत लिहून दिले. प्रथम ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’ उघडून माप मिलिमीटरमध्ये करावे. मग एक पाकळी काढावी. निवडलेल्या पाकळीवर पुन्हा क्लिक केले की मध्ये बारीकशी फुली दिसते. ती ओढून देठाशी न्यावी. कंट्रोल आणि डी दाबले की दुसरी पाकळी पहिलीवरच तयार होते. कंट्रोल दाबून ती फिरवली की पंधरा-पंधरा अंशांनी सरकते. तीन टप्पे, म्हणजे पंचेचाळीस अंश. असे करीत गेले की आठ पाकळ्यांचे कमळ पुरे होते. छाप्यात मात्र मधला भाग कडेला जोडणारी पट्टी ठेवावी, नाहीतर तो गळून पडतो.

आता माझी चूक. पाट्यांवरची नावे मी घरी सुंदर वळणाच्या अक्षरांत लिहिली. तो फाँट कार्यशाळेच्या संगणकात नव्हता. त्याने आपल्या मनाने दुसरा घातला. अक्षरे फुगली, काही पाटीच्या कडेबाहेर गेली. मी न पाहताच “कापा” म्हणाले. बारा पाट्या वाया गेल्या. प्लायवुड आणि यंत्राचे भाडे मंडळाच्या पैशातले होते.

भगिनींनो, त्या वेळी मी सभेत सांगितले की प्लायवुड खराब निघाले. ते खोटे होते. “सातवी शिकलेली बाई, हिला कशाला संगणक?” असे कोणी म्हणेल या भीतीने मी तसे बोलले. आपण त्या दुकानदाराला बोल लावला, त्याच्याकडून माल घेणे बंद केले. त्याचा काही दोष नव्हता. मी काल त्याच्याकडे जाऊन आले. आज तुमचीही क्षमा मागते. नुकसानीची रक्कम खजिनदारबाईंकडे दिली आहे.

उपाय अगदी लहान आहे. नाव लिहून झाले, तपासून झाले, की ‘पाथ’ मेनूतले ‘ऑब्जेक्ट टु पाथ’ दाबावे. अक्षरांची चित्रे होतात. मग फाँट असो वा नसो, ती बदलत नाहीत. पण पुढे शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी. आणि पहिली पाटी नेहमी पुठ्ठ्यावर कापून पाहावी. नव्या भांड्यात आधी पाणी उकळून पाहतो, तसेच हे.

दर गुरुवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. माझी वही आहे. आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा. मी उशीर केला, त्याचे ओझे चार महिने वाहिले.

इतके बोलून मी आपली रजा घेते.