डोक्याचं काम हाताकडे

(वसंत व्याख्यानमालेतील भाषण)

मंडपाच्या खांबामागे ज्यांची खुर्ची आली आहे, ते मघापासून माना इकडेतिकडे करताहेत. त्रास आहे खरा, पण आजचा विषय त्यांनाच सगळ्यांत आधी कळेल. मान उजवीकडे नेली की खांब डावीकडे सरकतो आणि मी दिसायला लागतो. माझ्यामागचा पडदा मात्र फारसा हललेला जाणवत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. हाच पॅरलॅक्स. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं आहे की दाट जंगलात स्तब्ध उभं राहिलं तर फांद्यापानांचा नुसता गुंता दिसतो. पाऊल पुढे टाकलं की कोणती फांदी अलीकडे, कोणती पलीकडे हे सुटं होतं. बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये याच तत्त्वावर हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं. तिथे मान हलवायचं काम पृथ्वीने केलं, सूर्याभोवती फिरून.

आता संकेतस्थळावरचं चित्र घ्या. तुम्ही माऊस फिरवता आणि चित्रातला डोंगर, झाड, माणूस वेगवेगळ्या गतीने सरकतात. सपाट पडद्याला खोली आल्यासारखी वाटते. गंमत अशी, की इथे डोकं हललेलंच नाही. हाताने डोक्याच्या नावाने सही केली आणि डोळ्यांनी ती चालवून घेतली. या तंत्रात जे जमतं आणि जे बिघडतं, त्याचं मूळ या उसनवारीत आहे.

थरांची कल्पना जुनी. लोटे रायनिगरने १९२६ च्या 'प्रिन्स आख्मेद' या ॲनिमेशनपटासाठी कागदी आकृत्या काचांच्या थरांवर मांडल्या. डिस्नेने १९३७ च्या 'द ओल्ड मिल' या लघुपटात एकामागे एक मांडलेले थर टिपणारा मल्टिप्लेन कॅमेरा वापरला. १९८२ च्या 'मून पेट्रोल' या व्हिडिओ गेममध्ये मागचे थर वेगवेगळ्या वेगाने धावू लागले. पण या सगळीकडे हालचाल थरांची, कॅमेऱ्याची किंवा गेममधल्या गाडीची होती. माऊसने ती बघणाऱ्याच्या हाताला जोडली.

करायचं कसं? वाड्याच्या अंगणाचा एक फोटो घ्या: पुढे तुळशीवृंदावन, मध्ये वाडा, मागे आकाश. तिन्ही कापून वेगळे करायचे. वृंदावन कापलं की मागच्या वाड्याला त्याच आकाराचं भोक पडतं. ते बुजवावंच लागतं, कारण वृंदावन सरकलं की नेमकी तीच किनार उघडी पडते. विटा, सावली, भिंतीवरचे ओलीचे डाग, सगळं जुळवत बसायचं. खरा वेळ इथे जातो. कोडिंग त्यामानाने किरकोळ. शिवाय हलणारा थर चौकटीपेक्षा थोडा मोठा ठेवायचा, नाहीतर कडेला पांढरी पट्टी डोकावते.

हिशेब शाळकरी आहे. खिडकी १२०० पिक्सेल रुंद, तिचा मध्य ६००. माऊस ९०० वर असेल तर तो मध्यापासून ३०० दूर. त्याला ६०० ने भागलं की अर्धा. वृंदावन जास्तीत जास्त ३० पिक्सेल सरकेल असं ठरवलं असेल, तर आता ते १५ सरकेल. वाडा मी शून्यावर ठेवतो. नजर जिथे रोखलेली असते ते स्थिर, त्याच्या अलीकडचं माऊसच्या उलट दिशेला, पलीकडचं माऊसबरोबर. मान हलवून पाहा, असंच होतं. पुष्कळ ठिकाणी सगळे थर एकाच दिशेला ढकललेले असतात. चालतं तेही, मला मात्र त्यात चित्र माऊसला चिकटल्यासारखं वाटतं.

माऊस हलताच थरांनी उड्या मारल्या की सोंग उघडं पडतं. हात झटके देतो, मान देत नाही. म्हणून माऊसने फक्त पोचायची जागा सांगायची आणि थराने दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा हिस्सा कापायचा. १५ पैकी आधी १.५, मग १.३५, आणखी कमी, आणखी कमी. गणिताने हे अंतर कधीच संपत नाही, तेव्हा नगण्य उरलं की आपणच थांबवायचं. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे एकीच्या वाट्याला १६ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळं उरकायचं, म्हणून थर कसा सरकवता हे महत्त्वाचं: त्याची जागा ठरवणारे लेफ्ट-टॉप हे आकडे बदलत राहिलात तर ब्राउझर पानाची मांडणीच पुन्हा मोजायला बसतो. त्याऐवजी ट्रान्सफॉर्म ही आज्ञा वापरली की तयार थर नुसता सरकवला जातो.

आणि सरकण्याची मर्यादा ३० पिक्सेलची ३०० केली तर? डोळे म्हणतात हललो, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं छे. काहींना गरगरतं, मळमळतं. २०१३ मध्ये ॲपलच्या आयओएस ७ मधल्या हालचालींवरून अशीच ओरड झाली होती. हालचाल कमी करण्याची सोय आता फोनमध्ये आणि संगणकात असते, आणि सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन या अटीने ती निवड संकेतस्थळाला कळते. ती दिसली की थर स्थिर करायचे. इथे डिझायनरने हट्ट धरू नये.

राहिला फोन. तिथे माऊसच नाही. फोन कलता करून थर हलवता येतात, पण आयफोनवर २०१९ पासून त्यासाठी परवानगी मागावी लागते, आणि तीही बघणाऱ्याने पडद्यावर बोट टेकवल्यानंतरच. वाड्याच्या चित्रावर 'परवानगी द्या' असं बटण! मी फोनसाठी तिन्ही थर एकत्र करून साधा फोटो ठेवतो. तो लवकर उघडतोही.